तिसरी वायर

मला ब्लॉकेज नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता कुणी तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडून बाहेर पडतं. हार्टचं काहीतरी झालंय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टक्के ब्लॉकेज? अजिबात नाही म्हटलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी माझा खरा आजार लपवतेय. मग त्याच्या मेव्हण्याच्या तीन स्टेंट्सची गोष्ट सुरू होते.

माझ्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या साफ होत्या. बिघडला होता तो ठोका. हृदयाची उजवी बाजू वेळेवर आकुंचन पावायची आणि डावी मागून, रेंगाळत. दोन्ही बाजूंचा मेळ नसल्यामुळे पंपिंग कमी झालं होतं. यावर उपाय म्हणजे तीन वायरींचा पेसमेकर. त्यातल्या दोन वायरी सहज बसतात. डाव्या बाजूची तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूने, एका शिरेतून आत सरकवावी लागते, आणि माझ्या बाबतीत ती शीरच सापडेना. एवढाच माझा आजार. पण त्याने घरातल्या सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला, म्हणून लिहून ठेवतेय. कुणाला असंच काही झालं असेल तर त्याला उपयोग होईल.

या वयात होतं

मी नंदा. मुलुंड पूर्वेला राहते आणि गाडी चालवायला शिकवते. गाडी माझी स्वतःची आहे, डाव्या सीटपाशी माझ्या पायांशी वेगळा ब्रेक आणि क्लच बसवून घेतलेली. शिकायला येतात त्या बहुतेक बायकाच, पस्तिशी-चाळिशीच्या. नवरा शरद विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालाय. सासूबाई आमच्याकडेच असतात, मूळच्या मालवणकडच्या. मुलगी जुई अंधेरीत नोकरी करते आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहते.

धाप लागायला लागली तेव्हा मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, गॅस आहे. पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, वजन कमी करा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा पाळी जाण्याचे दिवस आहेत, या वयात होतं, असं म्हणून झोपेची गोळी दिली. मी त्यांना सांगत होते की चपात्या लाटताना मला स्टुलावर बसावं लागतं, उशा दोन घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुततात. ते माझ्याकडे न बघता लिहीत होते. शरदच्या छातीत एकदा नुसती चमक आली होती तर त्याचा त्याच दिवशी ईसीजी काढला होता. माझा काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी एका बँकेतल्या बाईंना चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकवत होते. या बाई दर वेळी गाडी बंद पाडायच्या. त्या दिवशी मी त्यांना काहीतरी सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय ब्रेककडे न्यायचाय हे मला कळत होतं, पण पाय माझं ऐकत नव्हता. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडी कडेला घेतली, न बंद पाडता थांबवली, हँडब्रेक ओढला, चारही दिवे लावले आणि मग मला हलवलं. मी शुद्धीवर आले तेव्हा त्या माझ्या तोंडाशी पाण्याची बाटली धरून म्हणत होत्या, "मॅडम, आता आपण हॉस्पिटलला जाऊया. मी चालवते." आणि त्यांनी चालवली.

ईसीजी झाला, इको झाला. इको करणारी डॉक्टर मुलगी आधी माझ्याशी गप्पा मारत होती, मग गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हाच मला कळलं. पंपिंग पंचवीस टक्क्यांच्या आसपास होतं. निरोगी माणसाचं साठच्या आसपास असतं.

तिला काही सांगू नका

पहिले काही महिने गोळ्या दिल्या. मीठ बंद, पाणी मोजून. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं. गोळ्यांनी पायांची सूज उतरली, पण इको काही सुधारला नाही. मग अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पेसमेकर बसवायचं ठरलं. तिथले मोठे डॉक्टर नावाजलेले होते आणि घाईत असायचे. त्यांची एक सवय मला पहिल्या भेटीतच खटकली. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर ते शरदला द्यायचे. मी गाडी शिकवते हे कुठूनतरी त्यांना कळलं होतं, त्यामुळे कधी माझ्याशी बोललेच तर इंजिन, बॅटरी आणि वायरिंग यांच्यापलीकडे जायचे नाहीत. मी वीस वर्षं गाड्यांमध्ये काढलीत. बंद पडलेली गाडी कडेला लावून रिक्षाने घरी जाता येतं, हृदयाचं तसं करता येत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार.

हे ऑपरेशन जागेपणीच होतं. डाव्या खांद्याखाली सुई देऊन तेवढी जागा बधिर करतात. तोंडावरून हिरवं कापड येतं, आणि मग तुम्ही फक्त आवाज ऐकत पडून राहता. दोन वायरी बसल्याचं मला कळलं, कारण मोठे डॉक्टर तसं बोलले. त्यानंतर तिसरी सुरू झाली.

"मिळत नाहीये," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला काही वाटलं नाही. मग ते पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं. दुसरी कॅथेटर द्या. याचा बाक बदला. डाय द्या. नाही, मिळत नाहीये. कुणीतरी म्हणालं, शीर असेल ना नक्की? माझी पाठ आखडली होती, खांदा ठणकत होता, नाक खाजत होतं आणि दोन्ही हात बांधलेले होते. मी विचारलं, काय मिळत नाहीये? एक आवाज म्हणाला, "ताई, शांत राहा, बोलू नका." माझ्याच छातीत काय हरवलंय हे विचारायचीही सोय नव्हती.

शेवटी टाके घातले आणि मला बाहेर आणलं. शरद दाराशीच उभा होता. माझा हात धरून म्हणाला, "झालं सगळं मस्त. आता आराम कर."

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेला एक शिकाऊ डॉक्टर फाइल बघत सहज म्हणाला, तिसरी वायर बसली नाही ना तुमची, सर्जन बघायला येतील. मी म्हणाले, कुठला सर्जन? तेव्हा त्याला कळलं की पेशंटला काहीच माहीत नाही, आणि तो फाइल घेऊन सटकला.

मी शरदकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला एवढंच विचारलं की तुला कधी सांगितलं. तो म्हणाला, कालच. शीर सापडली नाही, आता छाती बाजूने उघडून वायर हृदयावर बाहेरून शिवावी लागेल, आणि एवढ्या कमी पंपिंगला त्यात धोका आहे, हे सगळं डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वर बजावलं होतं की तिला इतक्यात काही सांगू नका, टेन्शन येईल.

माझा संताप झाला. वॉर्डात ओरडता येत नाही म्हणून मी दबक्या आवाजात त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. छाती माझी, वायर माझी, आणि बातमी तू ठेवून घेतलीस, असा त्याचा एकूण अर्थ होता. शरद भांडत नाही, कधीच भांडला नाही, हाही त्याचा एक वैताग आहे. तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं गं."

अळणी

दोन वायरींचा अर्धवट पेसमेकर घेऊन मी घरी आले. धाप होती तशीच होती. भेटायला माणसं येत होती. कुणी बीटाचा रस आणला, कुणी अर्जुनाची साल आणली. एका नातेवाइकाने शरदला समजावलं की बायकांनी गाड्या चालवल्या की हे असं होतं. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. उठून बाहेर जायची ताकद असती तर गेले असते.

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वायरी हलतात. म्हणजे केस विंचरायचे नाहीत, ब्लाउज घालता येत नाही. सासूबाई रोज सकाळी खुर्ची घेऊन माझ्या मागे बसायच्या आणि वेणी घालायच्या. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे वेणी वाकडी व्हायची. मी एकदा हात वर करायला गेले तर मनगटावर चापट मारून म्हणाल्या, "गप रव गो. हात खाली ठेव."

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्यांच्या ताटातलं लोणचं गेलंय आणि आमटीही माझ्याच भांड्यातली वाढली जातेय. मी शरदला विचारलं. तो म्हणाला, आईने सांगितलंय, मलाही अळणीच वाढ. जन्मभर सुकट आणि लोणच्याशिवाय न जेवलेली बाई. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय गरज आहे, तुमचं बीपी माझ्यापेक्षा बरं आहे. त्या म्हणाल्या, "तू एकटीच तोंड वाकडा करून जेवतंस, ता माका बघवत नाय." आजारपणात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ सल्ले दिले. त्यातलं एवढंच मला उपयोगी पडलं, आणि तो सल्लाही नव्हता.

श्वास रोखा

सर्जनची तारीख ठरायच्या आत जुईने माझ्या ऑपरेशनची सीडी उचलली आणि घाटकोपरच्या एका डॉक्टरांना दाखवून आली. हे डॉक्टर वयाने लहान, हळू बोलणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि पहिला प्रश्न मलाच विचारला: "तुम्हाला काय सांगितलंय?" मी म्हणाले, शीर नाही. ते म्हणाले, "शीर सापडली नाही आणि शीर नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छाती उघडायच्या आधी ती आहे का ते तरी बघू."

हे बघायचं सीटी स्कॅनमध्ये, हातातून डाय, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध देऊन. डाय आधी हृदयाच्या धमन्यांमध्ये जातो आणि थोड्या वेळाने शिरांमधून परत येतो. त्या परतीच्या क्षणाला फोटो काढला तर शिरांचा नकाशा मिळतो. हे आधी का नाही केलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेकांची शीर नेहमीच्या जागी असते, ऑपरेशनच्या टेबलावरच डाय देऊन सापडते, म्हणून सगळेच आधी स्कॅन करत नाहीत. मला हे उत्तर पटलं, तरी राग यायचा तो आलाच. बहुतेकांमध्ये मी नेमकी कशी बसत नाही हा माझा जुनाच प्रश्न आहे.

किडन्या तपासल्या, डाय चालेल म्हणाले. मशीनमध्ये झोपवलं. सूचना आधी रेकॉर्ड केलेली असते, हिंदीत: साँस लीजिए, रोकिए. आता मला सांगा, जिला धाप लागते म्हणून स्कॅन चाललाय, तिनेच श्वास रोखून धरायचा. सरावाला मी रोखायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा केलं, पुन्हा खोकला. काचेपलीकडून मशीन चालवणारी बाई आत आली. मला वाटलं आता ओरडणार. तिने माझ्या डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली, पाणी पाजलं आणि म्हणाली, तो आवाज मी बंद करते, तुमचा श्वास बघून मी स्वतःच सांगेन. पूर्ण छाती भरू नका, अर्धीच भरा.

डाय आत गेला तसा अंगातून गरम लोट गेला, आणि आपल्याला कपड्यातच लघवी झाली असं वाटलं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून मी सांगून ठेवते: तसं वाटतं, होत नाही. मग तिचा आवाज आला, "घ्या अर्धा. बस. धरा." मी धरला. कानात ठोके वाजत होते, ते वेडेवाकडे ठोके. सोडते आता, सोडते, असं मनात चाललं होतं. ती म्हणाली, "सोडा." मी सोडला आणि रडले. कारण काही नव्हतं, फक्त ते जमलं होतं.

पडद्यावर

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझं हृदय होतं, तपकिरी रंगाचं, बोटाने फिरवता येत होतं. त्यांनी ते मागून दाखवलं. खालून एक जाड शीर वर चढत होती आणि तिला डाव्या बाजूला एक चांगली ठसठशीत फांदी होती.

मी म्हणाले, "ही काय, आहे की."

ते म्हणाले, "आहे. तोंडावर पातळ पडदा आहे आणि तोंड नेहमीपेक्षा खाली आहे. म्हणून वायर अडत होती." मग म्हणाले, "असं समजा, एखाद्या गल्लीत गाडी वळवताना..."

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "डॉक्टर, गाडी नको. हृदयाचंच सांगा, मला कळेल."

ते जरा ओशाळले आणि मग नीट सांगायला लागले. कुठून शिरणार, पडदा कसा बाजूला करणार, कुठल्या फांदीत वायर ठेवणार. जमेलच याची खात्री देत नाही, असंही स्पष्ट म्हणाले. नाही जमलं तर हृदयाच्या मधल्या भिंतीत वायर रोवायची दुसरी पद्धत आहे, छाती उघडणं त्याच्याही नंतर. शरदने विचारलं, धोका किती? डॉक्टरांनी उत्तर माझ्याकडे बघून दिलं. धोका होताच, पण या वेळी मला तो माहीत होता. त्या दिवशी घरी येताना मला कित्येक महिन्यांनी भूक लागली.

दुसरं ऑपरेशनही जागेपणीच. मी आधीच अट घातली होती की काय चाललंय ते मला ऐकायचंय आणि जमलं तर बघायचंय. कापड तोंडावरून थोडं बाजूला घेतलं होतं, मान वळवली की पडदा दिसत होता. सुरुवातीला पुन्हा तेच, अडतंय, अडतंय. डॉक्टरांनी हात थांबवले, स्कॅनचा फोटो दुसऱ्या पडद्यावर लावून घेतला, थोडा वेळ नुसता बघितला. मग म्हणाले, "आणखी खाली." आणि नळी आत गेली.

छोटा फुगा फुगवून त्यांनी शीर क्षणभर बंद केली आणि डाय सोडला. करड्या पडद्यावर एक काळी रेघ उमटली, तिला फांद्या फुटल्या, प्रत्येक ठोक्याला सगळी हलत होती. पुसट होत गेली आणि नाहीशी झाली. पहिल्या वेळी याच शिरेबद्दल कुणीतरी विचारलं होतं, असेल ना नक्की. ती आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

वायर बसली. बसताच मला उचकी लागली. म्हणजे उचकी नव्हे, प्रत्येक ठोक्याबरोबर पोटाचा वरचा भाग उडायला लागला. शिरेच्या जवळूनच छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची नस जाते, तिला करंट लागत होता. वायर थोडी मागे घेतली तेव्हा थांबलं. घरी आल्यावर डाव्या कुशीवर वळले की पुन्हा सुरू. सासूबाई म्हणायच्या, कोण आठवण काढता? मी वैतागून हॉस्पिटलात फोन केला. मला वाटलं पुन्हा कापाकापी. पण तसं काही नसतं. बाहेरून छातीवर एक यंत्र ठेवून सेटिंग बदलतात, एक चहा होईपर्यंत काम झालं. तुम्हाला असं काही होत असेल तर सहन करत बसू नका, सांगा.

सेटिंग

सूज गेली, एक उशी गेली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा शिकवायला गाडीत बसायची परवानगी दिली. माझ्या बाजूचा सीटबेल्ट नेमका पेसमेकरवर येतो, म्हणून खाली घडी घातलेला नॅपकीन ठेवते. बँकेतल्या बाईंना लायसन्स मिळालं. मी मात्र रोज काहीतरी तक्रार शोधत होते. थकवा आहे का, आहे. मग फायदा काय झाला, असं शरदला विचारायचे. बरं वाटणं हे इतकं हळूहळू येतं की येतंय हे कळतच नाही.

परवा तपासणीला गेलो. यंत्रावर बसणारा तंत्रज्ञ म्हणाला, मी आता डावी वायर थोडा वेळ बंद करून मूळचा ठोका बघतो, काही वाटलं तर सांगा. शरद बाजूच्या खुर्चीवर होता. तंत्रज्ञाने काहीतरी दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग छातीवर ओझं आलं, गळ्यापाशी काहीतरी दाटलं. खोलीतला पंखा, तंत्रज्ञाची पेन वाजवायची सवय, शरदचं नुसतं बसून राहणं, सगळं एकदम असह्य झालं. कुणावर तरी खेकसावंसं वाटलं. आणि मला ते ओळखीचं वाटलं. दोन-तीन वर्षं मी अशीच होते. शिकायला येणाऱ्या बायकांवर, जुईवर, शरदवर, मी याच ओझ्याखाली ओरडत होते.

मी म्हणाले, चालू करा. त्याने केली. काही ठोक्यांत ते ओझं उतरलं.

शरदने माझ्याकडे पाहून विचारलं, काय झालं. मी त्याला सांगितलं, "मला वाटलं होतं, माझा स्वभावच असा झालाय."



"मलाही," तो म्हणाला.